'मुंबईचे शांघाय' आणि उंचीचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गावर पाटस मागे पडले की कुरकुंभ येते. गावात फिरंगाई देवीचे देवस्थान आहे आणि गावाला लागून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक वसाहत पसरली आहे. या वसाहतीत दुरूनच नजरेत भरतात ती धुराडी आणि ऊर्ध्वपातनाचे उभे कॉलम. त्यांची उंची कोणाच्या हौसेने ठरलेली नसते. बॉयलरमधील इंधन जळताना ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, या आकड्यावरून धुराड्याची किमान उंची काढण्याचे सूत्र प्रदूषण नियंत्रण यंत्रणेने घालून दिलेले आहे. कॉलम किती उंच असावा हे आत किती प्लेट बसवाव्या लागतात यावर अवलंबून असते. म्हणजे येथे उंची हे एका आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न नाहीसा झाला तर उंचीचे कारणही उरत नाही.

शहरातील गगनचुंबी इमारतींना हीच कसोटी लावली तर काय दिसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उंच इमारतींचे जागतिक मोजमाप ठेवणारी परिषद तीनशे मीटरवरील इमारतीस 'सुपरटॉल' आणि सहाशे मीटरवरील इमारतीस 'मेगाटॉल' म्हणते. अशा इमारती सर्वांत जास्त संख्येने चीनमध्ये उभ्या राहिल्या, आणि त्या उभारू नयेत असा स्पष्ट आदेशही चीननेच काढला. या दोन्ही घटनांकडे महाराष्ट्रातील चर्चेत अर्धवटपणे पाहिले जाते. उंचीचे समर्थक शांघायचे छायाचित्र दाखवितात, तर विरोधक चीननेसुद्धा माघार घेतली असे म्हणतात. दोन्ही पक्ष इमारतीच्या माथ्याकडे पाहतात. तिच्या पायथ्याशी असलेल्या जमिनीची मालकी, ती जमीन मिळविण्याची रीत आणि तिच्या वाढलेल्या मूल्याची वाटणी हे विषय मात्र दोघांच्याही युक्तिवादातून बाहेर राहतात. उंचीचा वाद जमिनीच्या वादाला झाकून टाकतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

घोषणेची उसनवारी

सन २००३ मध्ये 'बॉम्बे फर्स्ट' ही उद्योगजगताची संस्था आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांनी मुंबईला दहा वर्षांत जागतिक दर्जाचे शहर बनविण्याचा आराखडा सादर केला. ऑक्टोबर २००४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी मुंबईतील भाषणात, येत्या पाच वर्षांत मुंबई इतकी बदलावी की लोकांना शांघायचा विसर पडावा, अशा आशयाचे स्वप्न बोलून दाखविले. त्याच सुमारास 'मुंबईचे शांघाय' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून आणि सभांतून रूढ झाला. २००४-०५ च्या हिवाळ्यात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पुढच्या पावसाळ्यात, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्यानंतर तीच घोषणा उपहासाने उच्चारली जाऊ लागली. घोषणा मागे पडली, पण तिने रुजविलेले चित्र मागे पडले नाही.

ते चित्र पुडोंगचे होते. हुआंगपू नदीच्या पूर्वेकडील हा भाग १९९० मध्ये विकासक्षेत्र म्हणून जाहीर होण्यापूर्वी गोदामे, गोद्या, कारखाने आणि शेती यांचा होता. तेथे १९९९ मध्ये सुमारे ४२० मीटर उंचीची जिन माओ इमारत पूर्ण झाली. शांघाय वर्ल्ड फायनान्शियल सेंटरचे काम १९९७ मध्ये सुरू झाले, आशियाई आर्थिक संकटात थांबले, २००३ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि २००८ मध्ये ४९२ मीटरवर संपले. या दोघींशेजारी २०१५ मध्ये शांघाय टॉवर उभा राहिला : १२८ मजले, ६३२ मीटर. आपल्याकडील चर्चेत या तीन इमारतींची रांग म्हणजेच शांघाय, असे समीकरण झाले.

जे उसने घेतले गेले नाही ते जमिनीचे गणित. चीनच्या १९८२ च्या संविधानानुसार शहरातील जमीन राज्यसंस्थेच्या मालकीची आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने जमिनीची मालकी राज्याकडेच ठेवून तिच्या वापराचा हक्क विकण्यास मुभा मिळाली. हा हक्क घरांसाठी ७० वर्षे, उद्योगांसाठी ५० वर्षे आणि व्यापारासाठी ४० वर्षे असा मुदतीचा असतो. १९९४ च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला, शाळा-रस्ते-दवाखान्यांचा खर्च मात्र स्थानिक शासनांकडेच राहिला. ही तूट भरून काढण्याचा हुकमी मार्ग म्हणजे शहराच्या कडेची शेतजमीन अल्प मोबदल्यात ताब्यात घेणे आणि तिच्या वापराचा हक्क विकासकांना चढ्या दराने विकणे. अतिउंच मनोऱ्याचे स्थान या व्यवहारात समजून घ्यावे लागते. नव्या व्यापारी पेठेच्या मध्यभागी एक मनोरा जाहीर झाला की भोवतालच्या भूखंडांचे दर वाढतात. मनोरा स्वतः तोट्यात गेला तरी चालते, कारण फायदा त्याच्या शेजाऱ्यांतून वसूल झालेला असतो. एरवी हिशेबी असणारे महापौर आणि पक्षसचिव या स्पर्धेत एवढ्या हिरिरीने का उतरले, याचे उत्तर अहंकारात शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

चीनमधील गुणदोषचर्चा

उंचीच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे पोकळ आहेत असे म्हणता येणार नाही. चीनच्या शहरांत चार दशकांत कोट्यवधी माणसे आली. त्यांना आडव्या पसाऱ्यात सामावले असते तर आणखी शेती गेली असती. मेट्रोच्या स्थानकालगत कार्यालये एकमेकांवर रचली की प्रवास वाचतो. शिवाय तंत्रज्ञानाची शाळा म्हणूनही या इमारतींकडे पाहावे लागेल. शांघाय टॉवरचा बाह्याकार तळापासून माथ्यापर्यंत पीळ दिल्यासारखा सुमारे १२० अंशांत वळतो. वाऱ्याच्या बोगद्यातील चाचण्यांवरून हा पीळ ठरविण्यात आला आणि त्यामुळे वाऱ्याचा भार सुमारे एक चतुर्थांशाने घटला. मऊ गाळाच्या जमिनीवर, वादळांच्या पट्ट्यात अशी इमारत उभी करणे हे अभियांत्रिकीचे मोठे यश आहे, आणि ते नाकारून टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु हेच अभियांत्रिकी ज्ञान उंचीची किंमतही सांगते. ढाक्यात जन्मलेले आणि शिकागोत नावारूपास आलेले अभियंते फझलूर खान यांनी या किमतीचा पद्धतशीर विचार केला. इमारतीचे स्वतःचे वजन पेलायला लागणारे पोलाद मजल्यांच्या प्रमाणात वाढते. वाऱ्याला तोंड द्यायला लागणारे पोलाद मात्र त्याहून कितीतरी वेगाने वाढते. त्यांनी बांधकामाच्या नव्या रचना शोधून ही वाढ आटोक्यात आणली, शून्यावर आणली नाही. याखेरीज जितके मजले अधिक तितकी उद्वाहने अधिक, आणि त्यांच्या विहिरी प्रत्येक मजल्यावरील वापरायोग्य जागा खातात. एका मर्यादेनंतर वरचा मजला खालच्या मजल्यांच्या जीवावर उभा असतो. माथ्याचा बराचसा भाग तर माणसांसाठी नसतोच. २०१३ मध्ये उंच इमारतींच्या परिषदेने केलेल्या मोजणीत दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाचे वरचे सुमारे २४४ मीटर वापरात नसल्याचे दिसून आले. या निरुपयोगी उंचीला परिषदेने मिरवण्याची उंची अशा अर्थाचे नाव दिले. कुरकुंभच्या धुराड्याला अशी उंची परवडत नाही.

चीनमधील फसलेल्या प्रकल्पांची कथा या संदर्भात बोलकी आहे. चांग्शा शहरात २०२ मजल्यांची, ८३८ मीटरची 'स्काय सिटी' कारखान्यात तयार केलेल्या भागांतून काही महिन्यांत उभारण्याची घोषणा झाली. जुलै २०१३ मध्ये भूमिपूजनाचा समारंभ पार पडला आणि लगेचच परवान्यांच्या प्रश्नावरून काम थांबले. पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचले व २०१५ मध्ये तेथे गावकरी मासे पाळत असल्याच्या बातम्या आल्या. ज्यांची शेती प्रकल्पाच्या नावाने जाते त्यांना परत काय मिळते, याचे यापेक्षा नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही. त्येनजिन येथील ५९७ मीटर उंचीच्या गोल्डिन फायनान्स इमारतीचा सांगाडा २०१५ मध्ये माथ्यापर्यंत पोहोचला आणि नंतर पैशाअभावी जवळजवळ दहा वर्षे तसाच उभा राहिला. २०२५ मध्ये तिचे काम पुन्हा हाती घेण्यात आले. वुहानमधील ग्रीनलँड सेंटर ६३६ मीटरचे व्हायचे होते. हवाई वाहतुकीच्या निर्बंधांमुळे ते सुमारे ४७६ मीटरवर आणावे लागले. मे २०२१ मध्ये शेनझेनमधील सुमारे तीनशे मीटरची एसईजी प्लाझा ही वीस वर्षे जुनी इमारत भूकंप नसताना डोलू लागली व हजारो लोक रस्त्यावर धावले. माथ्यावरील मास्टचे वाऱ्यामुळे होणारे कंपन हे त्याचे कारण असल्याचे तपासात निष्पन्न झाले. मास्ट काढून टाकल्यावर इमारत स्थिर झाली.

या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२० मध्ये चीनच्या गृहनिर्माण मंत्रालयाने व राष्ट्रीय विकास आणि सुधारणा आयोगाने पाचशे मीटरवरील इमारतींना सर्वसाधारणपणे अनुमती देऊ नये असे परिपत्रक काढले. जुलै २०२१ मध्ये ही मर्यादा स्पष्ट बंदीत रूपांतरित झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांत १५० मीटरवरील नव्या इमारतींवर कडक निर्बंध आणि २५० मीटरवरील इमारतींना मनाई करण्यात आली. नियम मोडून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यावर आयुष्यभर जबाबदारी राहील, अशी तरतूदही त्यात होती.

आपल्याकडील विरोधक हे परिपत्रक मोठ्या समाधानाने सांगतात. पण त्याचे वाचन नीट केले पाहिजे. या आदेशाने उंची मोजली. जमिनीच्या विक्रीवर चालणाऱ्या स्थानिक शासनाच्या अर्थकारणाला त्याने हात लावला नाही. २०२१ च्या अखेरीस एव्हरग्रांड ही महाकाय विकासक कंपनी कर्जफेडीत चुकली, तेव्हा अडचणीत आलेले तिचे बहुतांश प्रकल्प पंचवीस-तीस मजल्यांच्या सामान्य घरांचे होते. रोग पाचशे मीटरच्या वर होता असे मानणे म्हणजे ताप उतरविण्यासाठी तापमापक फोडण्यासारखे आहे. अर्थात आदेश निरर्थक होता असेही नाही. निदान एका राज्यसंस्थेने उंचीचा प्रश्न स्वतःकडे घेतला आणि त्याचे उत्तर लेखी दिले. महाराष्ट्रात तेही घडलेले नाही.

गिरणगाव : पायथ्याची गोष्ट

मुंबईत अतिउंच इमारतींची जी गर्दी आज दिसते तिचा मोठा भाग परळ, लोअर परळ, वरळी या गिरण्यांच्या पट्ट्यात आहे. हा योगायोग नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मागे उरली ती सुमारे सहाशे एकर जमीन, तीही बेटावरील शहराच्या मध्यभागी, दोन रेल्वेमार्गांच्या लगत. कामगाराच्या कुटुंबाचे जे झाले ते जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकाने १९९७ मध्येच रंगभूमीवर मांडले. नियोजनशास्त्राच्या आधी नाटकाने हा विषय घेतला, ही नोंद अभ्यासकांनी करून ठेवण्यासारखी आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीच्या वाटणीचे एक सूत्र दिले होते. गिरणीची जमीन विकसित करायची झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाकडे सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाकडे. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून सलग मैदाने, घरे आणि रस्ते कसे मिळतील याचा आराखडा मांडला. मार्च २००१ मध्ये मात्र नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता ज्या भागावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या भागाची करावयाची, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात शेड, गोदामे आणि खाती दाटीने बांधलेली असत. मोकळी जागा थोडी. त्यामुळे शहराच्या आणि घरांच्या वाट्याला येणारा हिस्सा एका शब्दाच्या व्याख्येने आकसला. या दुरुस्तीविरुद्धच्या जनहित याचिकेवर १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला व दुरुस्ती वैध ठरली.

येथे उंचीचा उगम आहे. भूखंड हाती आला, त्यावरील चटई क्षेत्र ठरले, जमिनीची किंमत भरमसाट झाली की मजले आपोआप वर चढतात. परळची मुंबई टेक्स्टाइल मिल २००५ मध्ये डीएलएफ कंपनीने ७०२ कोटी रुपयांना विकत घेतली. २०१२ मध्ये लोढा समूहाने तीच जमीन २,७२७ कोटींना घेतली. सात वर्षांतील ही जवळजवळ चौपट वाढ कोणत्याही इमारतीच्या उंचीतून आलेली नव्हती, कारण त्या जमिनीवरील मनोरे नंतरचे आहेत. मूल्य जमिनीत निर्माण झाले आणि विक्रेत्याच्या खात्यात गेले. उंची ही त्या किमतीची वसुली होती.

श्रीनिवास मिलच्या जमिनीवरील 'वर्ल्ड वन' इमारत २०१० मध्ये ११७ मजल्यांची, ४४२ मीटरची म्हणून जाहीर झाली. शिकागोचा सिअर्स टॉवर, फझलूर खान यांची सर्वांत गाजलेली इमारत, नेमका तेवढाच उंच आहे. विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीमर्यादेमुळे 'वर्ल्ड वन' शेवटी सुमारे २८० मीटर व ७६ मजल्यांवर थांबली. श्रीराम मिलच्या जागेवरील 'पॅलेस रॉयल' सुमारे ३२० मीटरपर्यंत पोहोचली, पण चटई क्षेत्र आणि सार्वजनिक वाहनतळाच्या मोबदल्यातील सवलतींवरून तिचे काम वर्षानुवर्षे न्यायालयीन वादात राहिले. चर्नी रोडजवळील सातशे मीटरहून उंच 'इंडिया टॉवर' २०१० मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी थांबला आणि नंतर रद्दच झाला. तिन्ही प्रकरणांत उंचीला आवर घातला तो विमानांनी, न्यायालयाने किंवा पैशाच्या टंचाईने. या शहराला किती उंची हवी आणि कशासाठी, असा प्रश्न नियोजनाच्या टेबलावर कधी आलाच नाही. वुहानची इमारत विमानांमुळे उतरली आणि लोअर परळची विमानांमुळेच उतरली. या एका बाबतीत मात्र मुंबईचे शांघाय झाले नाही तरी वुहान झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि कामगार? जून २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदार दीड लाखाच्या आसपास होते. त्यानंतर २०१६ आणि २०२० मध्येही सोडती निघाल्या, काही घरे पनवेलजवळ कोन येथे मिळाली, आणि उरलेल्यांसाठी मुंबईपासून दूर शेलू व वांगणीचा पर्याय पुढे आला, ज्याला कामगार संघटनांनी विरोध केला. वांगणीहून परळला यायचे तर लोकलने बराच वेळ प्रवास करावा लागतो. जमिनीच्या वाटणीतील हे अंतर आहे. ते मीटरमध्ये मोजता येत नाही म्हणून उंचीच्या वादात त्याचा उल्लेख होत नाही.

घनतेचा युक्तिवाद

उंच इमारतींचे समर्थक येथे एक प्रबळ वाटणारा मुद्दा मांडतात : मुंबई बेटावर आहे, जागा नाही, म्हणून वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. या युक्तिवादात उंची आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. समजा, दहा हजार चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्यावर चार चटई क्षेत्र निर्देशांक अनुज्ञेय आहे. म्हणजे चाळीस हजार चौरस मीटर बांधकाम. निम्मी जमीन व्यापून आठ मजले बांधले तरी तेवढेच होते आणि एक दशांश जमिनीवर चाळीस मजले बांधले तरी तेवढेच. माणसे किती राहतील हे मजल्यांवरून ठरत नाही. घरे चाळीस चौरस मीटरची असतील तर हजार कुटुंबे राहतील, चारशे चौरस मीटरची असतील तर शंभर. गिरणगावातील मनोऱ्यांत बहुधा दुसऱ्या प्रकारची घरे आहेत, आणि त्यांतील कित्येक गुंतवणूक म्हणून घेतलेली, दिवे न लागणारी आहेत. त्यांच्या सावलीत असलेल्या चार मजली चाळीत दर एकरी माणसे अधिक राहतात.

चाळीचा हा उल्लेख गौरवाचा नव्हे. चाळीतील शेजारधर्माच्या आठवणींत रमणारे मराठी लेखन मुबलक आहे, पण मजल्याच्या टोकाचा सामाईक संडास आणि आठ-दहा माणसांची एक खोली त्या आठवणींत क्वचितच येते. म्हणूनच बी. डी. डी. चाळींचे उदाहरण या वादात महत्त्वाचे ठरते. १९२० च्या दशकात बांधलेल्या या तीन मजली चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या आहेत. वरळीतील पुनर्विकासात चाळीस मजली इमारतींमध्ये ५०० चौरस फुटांची मालकीची घरे विनामूल्य देण्याचे ठरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चाळीस मजले ही लहान उंची नव्हे. पण तेथे जमीन शासनाची होती, राहणाऱ्यांचा हक्क आधी मान्य झाला आणि मजल्यांची संख्या त्यानंतर ठरली. धुराड्याप्रमाणे येथेही उंची एका प्रश्नाचे उत्तर म्हणून आली. उंचीला तात्त्विक विरोध करणाऱ्यांनी या ५५६ कुटुंबांना काय उत्तर द्यावयाचे ते आधी ठरवावे.

या उदाहरणाचीही कठोर तपासणी व्हायला हवी, हे खरेच. चाळीस मजल्यांवर पाणी चढविणे, उद्वाहने चालू ठेवणे, अग्निशमनाची यंत्रणा सुस्थितीत राखणे यांचा मासिक खर्च चाळीच्या भाड्याच्या कित्येक पट असतो. पोस्टमन, पोलीस शिपाई किंवा निवृत्त कामगार यांचे कुटुंब तो किती वर्षे पेलू शकेल? पेलवला नाही तर घर विकून ते बदलापूर-विरारकडे सरकेल आणि जमिनीची वाटणी पुन्हा उलटेल. आगीचा प्रश्नही उंचीसोबत बदलतो. मुंबई अग्निशमन दलाकडील सर्वांत उंच शिडी सुमारे ९० मीटरपर्यंत पोहोचते. त्यावरच्या मजल्यावरील माणसाचा जीव इमारतीतील स्वतःच्या पाणीफवारे, जिने आणि आश्रयमजल्यांवर अवलंबून राहतो, आणि ही व्यवस्था देखभालीच्या त्याच मासिक वर्गणीतून चालते. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोड येथील साठ मजली इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली, तेव्हा जीव गेला तो आगीकडे धावलेल्या सुरक्षारक्षकाचा.

पुन्हा कुरकुंभ

दौंड तालुक्यातील वाचकाला हा सगळा वाद दूरचा वाटण्याची शक्यता आहे. कुरकुंभमध्ये कोणी ३०० मीटरची इमारत बांधणार नाही. परंतु लोअर परळ हेही एकेकाळी धुराड्यांचेच गाव होते. फिनिक्स मिलचे धुराडे आजही मॉलच्या आवारात उभे आहे. ज्या भट्टीसाठी ते बांधले ती नाही, धूर नाही, आणि उंची मात्र तेवढीच. गिरणगावात जमीन उद्योगासाठी म्हणून दिली-घेतली गेली, उद्योग संपला, आणि 'आता ही जमीन कोणाची' हा प्रश्न विचारला जाण्याआधीच तिचे मूल्य ठरून गेले. ठाणे आणि पिंपरी-चिंचवड येथे बंद कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहण्याची प्रक्रिया गेली कित्येक वर्षे चालू आहे. पुणे महानगर सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे सरकत आहे. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन ही गावे तीस वर्षांपूर्वी कशी होती ते तालुक्यातील कोणत्याही ज्येष्ठ प्राध्यापकाला आठवत असेल.

कुरकुंभची जमीन १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली संपादित झालेली आहे. शेतकऱ्यांनी ती सार्वजनिक प्रयोजनासाठी दिली आणि महामंडळ ती उद्योजकांना साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. रासायनिक कारखान्याचे आयुष्य एवढे क्वचितच असते. तीस-चाळीस वर्षांत प्रक्रिया जुनी होते, मागणी हटते, कधी प्रदूषणाच्या कारणाने टाळे लागते. भाडेपट्टा मात्र पुढे चालू राहतो, हस्तांतरित होतो, आणि त्यासोबत जमिनीचे वाढलेले मूल्यही. चीनमध्ये हा हक्क ५० वर्षांचा असतो. मुदत संपल्यावर काय, याबद्दल तेथेही गोंधळ आहे, पण निदान उद्योगाच्या आयुष्याशी मुदतीचे काही नाते आहे. आपल्याकडे ९५ वर्षांच्या आकड्याचे असे नाते शोधून सापडत नाही.

पट्ट्याच्या उरलेल्या मुदतीत जमिनीचा वापर बदलला तर वाढीव मूल्याचा किती भाग मूळ जमीनधारकांच्या वारसांना, किती तेथे काम केलेल्या कामगारांच्या घरांना आणि किती गावाच्या पाण्याच्या व आरोग्याच्या सोयींना, याचे सूत्र आजच ठरविता येते. कारण आज मूल्य कमी आहे आणि हितसंबंध अजून घट्ट झालेले नाहीत. नियम ५८ चा इतिहास हेच सांगतो. १९९१ मध्ये एक तृतीयांशाचे सूत्र मान्य होऊ शकले. दहा वर्षांनी, भाव चढल्यावर, ते टिकले नाही. अशी चर्चा सुरू करण्यातील अडचण मात्र लक्षात घेतली पाहिजे. अधिसूचित औद्योगिक क्षेत्रात महामंडळ स्वतःच नियोजन प्राधिकरण असते. वापरबदलाचा निर्णय कुरकुंभच्या ग्रामसभेत होत नाही. तो अंधेरीच्या मुख्यालयात होतो.